जेलमधला डाव अर्धा राहिला आणि मी बरोबरी देऊ केली, माझं चुकलं का?

अडीचघर:
नमस्कार मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या बुद्धिबळ क्लबची टीम जेलमध्ये कैद्यांच्या टीमशी मॅच खेळायला गेली होती, आठ बोर्ड, प्रत्येकी एक डाव, माझी पहिलीच वेळ. मोबाईल, पाकीट, मनगटावरचं घड्याळ सगळं गेटवर जमा, पट आणि सोंगट्यांची यादी आधीच द्यावी लागलेली. चेस क्लॉकला परवानगी मिळाली नाही म्हणून बिनघड्याळाचे खेळलो. माझ्यासमोर पन्नाशीचे एक गृहस्थ होते, एकेका चालीला दहा दहा मिनिटं पटाकडे बघत बसायचे पण खेळ काय सुंदर, डावाच्या मधल्या टप्प्यात मला घाम फोडला. शेवटी माझ्याकडे हत्ती, त्यांच्याकडे उंट, दोघांची तीन तीन प्यादी आणि सगळी राजाच्याच बाजूला. तेवढ्यात कैद्यांच्या मोजणीची वेळ झाली, गार्ड म्हणाले आवरा आता. मला वाटलं डाव तर माझाच आहे, पण इतकं छान खेळलेत तर हरल्यासारखं कशाला वाटू द्या, म्हणून हात पुढे केला आणि म्हटलं बरोबरी. त्यांनी हात मिळवला पण चेहरा एकदम उतरला, आणि जाता जाता म्हणाले, "मी धरला असता की हा डाव." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. पुढच्या महिन्यात परत जायचंय. माझं काय चुकलं आणि आता काय करू?

पोस्टकार्डवाला:
पहिली गोष्ट, डाव तुमचाच होता हे कशावरून? हत्ती विरुद्ध उंट, प्यादी सारखी आणि सगळी एकाच बाजूला, यात उंटवाला बऱ्याचदा भिंत घालून बसतो आणि हत्तीला आत शिरायला वाट मिळत नाही. प्यादी कुठे अडकलीयेत त्यावर सगळं आहे. म्हणजे त्या माणसाला बरोबरी दिसत होती, मेहनतीने ती मिळवायची तयारी होती, आणि तुम्ही तीच बरोबरी त्याला फुकटात देऊन टाकलीत. अर्धा पॉइंट तोच, पण आता तो स्वतःचा आहे असं त्याला कधीच म्हणता येणार नाही.

दुसरं म्हणजे आतल्या खेळाडूला आपण नक्की किती पाण्यात आहोत हे कळायला बाहेरच्यांशिवाय मार्ग नसतो. क्लॉड ब्लडगुडचं उदाहरण बघा, अमेरिकेत व्हर्जिनियाच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता, बाकीच्या कैद्यांशीच हजारो रेटेड डाव खेळला, आणि 1996 साली त्याचं रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, 2700 च्या वर जाऊन तो चक्क देशातला दोन नंबर झाला. तेवढा ताकदीचा तो नव्हता. मुद्दाम फुगवलं की आपोआप फुगलं यावर वाद झाले, पण खेळणारे सगळे एकाच भिंतीच्या आतले असले की आकड्याला अर्थ उरत नाही हे त्यातून सगळ्यांना दिसलं. तुम्ही गेलात म्हणजे त्यांच्यासाठी मोजपट्टी घेऊन गेलात, ती वाकवू नका एवढंच.

साबणाचा_वजीर:
मी स्वतः काही वर्षं आत काढलीत म्हणून लिहितोय, कशासाठी ते विचारू नका. आमच्याकडे सुरुवातीला सोंगट्या नव्हत्या, साबण कोरून आणि कागद भिजवून त्याचे गोळे वाळवून केल्या होत्या, पट जमिनीवर खडूने. रात्री कोठडीत बंद झालो की 1 ते 64 घरांना नंबर द्यायचे आणि ओरडून चाल सांगायची, बारा वरून अठ्ठावीस, ज्याने त्याने आपापल्या पटावर हलवायचं. त्यामुळे पट डोक्यात बसतो. तुमचा तो डाव त्या काकांच्या डोक्यात आज जसाच्या तसा मांडलेला आहे, लिहून घ्या माझ्याकडून. बाहेरच्याला डाव संपला की घरी जाऊन दहा कामं असतात, आत तोच एक डाव महिनाभर पुरतो.

बाहेरून लोक यायचे त्यात सगळ्यात वाईट वाटायचं ते मुद्दाम वजीर सोडणाऱ्यांचं. लगेच कळतं हो. आम्हाला तिथे उठल्यापासून झोपेपर्यंत सगळं कोणीतरी देतं, जेवण देतं, वेळ देतं, परवानगी देतं. पटावर तरी कोणी काही देऊ नये.

अजून एक, नियम आधी बोलून घ्या. आतले बरेचजण ऐकून ऐकून शिकलेले असतात, आँ पासाँ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने मारायचा नियम) माहीत नसतं, कॅसलिंगचे (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचे) नियम प्रत्येक बराकीत वेगळे. मधेच प्यादं उचललंत तर फसवलं असं वाटतं आणि भांडण होतं. आणि केसबद्दल चुकूनही विचारू नका, स्वतःहून सांगितलं तर ऐका.

काळीसोंगटी:
वर लिहिलंय ते पटलं. पुढे जगज्जेता झालेला अमेरिकन बॉबी फिशर 17 वर्षांचा असताना 1960 मध्ये न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात एकाच वेळी 20 कैद्यांशी खेळला होता, वीसच्या वीस डाव जिंकला, कोणालाही सूट नाही. मला तो त्यांचा मानच वाटतो. आता तर फिडेने (जागतिक बुद्धिबळ संघटनेने) शिकागोच्या कुक काउंटी जेलबरोबर 2021 मध्ये 'चेस फॉर फ्रीडम' सुरू केलंय, देशोदेशीच्या तुरुंगांच्या टीम ऑनलाइन एकमेकांशी खेळतात, 2023 ला आपल्या येरवड्याच्या टीमने त्यात गोल्ड घेतलं. त्यामुळे समोरचा कच्चा असेल हे आधी डोक्यातून काढा. बाकी त्या काकांशी काय करायचं ते सोपं आहे, चाली लिहिल्या होत्यात का? असतील तर तोच डाव पुढे खेळा.

अडीचघर:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः साबणाचा_वजीर, तुमची पोस्ट तीनदा वाचली. हो, चाली लिहिल्या होत्या, काल रात्री पटावर मांडून बसलो आणि दोन तास हत्ती घेऊन आत घुसायचा प्रयत्न केला, काळ्याने उंट नीट ठेवला तर मला खरंच वाट सापडली नाही. जेलच्या अधिकाऱ्यांना आज मेल केलाय की त्या बोर्डवरची बरोबरी मी मागे घेतोय, काकांची हरकत नसेल तर मॅचच्या आधी तास दीड तास आम्हाला द्या. चाल त्यांचीच होती.