काचेचं मशीन फेकून मोटार बसवा म्हणणाऱ्यांनो, आधी दार उघडून बघा

गोदाकाठचा फियाटवाला:
काल इथं, आपल्या जुन्या गाड्यांच्या मंडळात, एकानं लिहिलं की जुन्या फियाट-ॲम्बेसेडरची काच हातानं फिरवणं म्हणजे मराठवाड्याच्या उन्हात शिक्षा. काच वर-खाली करणारं दारातलं मशीन काढून टाका, बाजारात मिळतं ते पॉवर विंडोचं (बटणावर चालणाऱ्या मोटारीचं) किट बसवा, दाराला एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचं) फोम लावलेलं नवं पॅनल करून घ्या, जुने मिस्त्री तसेही राहिले नाहीत. जेवताना वाचलं, भाकरी गोड लागली नाही. म्हणून लांबलचक लिहायलोय, सहन करा.

माझी १९७२ ची फियाट डिलाइट, वडिलांनी नंबर लावून घेतलेली. दोन वर्षांखाली तुळजापूरला निघालो होतो. मांजरसुंब्याच्या घाटात माझ्या बाजूची काच धाडकन दारात पडली. वरून पाऊस. उजवी बाही ओलीचिंब, आणि बायको चौसाळ्यापर्यंत "विकून टाका" एवढंच म्हणत होती. मीही मशीनलाच शिव्या घातल्या. घरी येऊन दार उघडलं तर मशीन ठणठणीत! काचेच्या खालच्या पट्टीतलं रबर वाळून काच निसटलेली. नवं रबर साबणाच्या पाण्यात भिजवलं, काच लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकून बसवली. खर्च दीडशे रुपये.

काच जड जाते ती बहुतेक वेळा चॅनेलमुळं, म्हणजे काच ज्या खाचेच्या पट्टीत सरकते तिच्यामुळं. त्या पट्टीत आतून लावलेला नमदा (जाड लोकरी कापड) पापडासारखा कडक होतो, त्यात आपल्याकडची काळ्या मातीची धूळ. काच अडली की आपण हँडलवर जोर काढतो, मशीनमधल्या अर्धचंद्राकार चाकाचे दाते झिजतात, आणि नाव होतं मशीनचं. मोटार लावली तरी तिला त्याच कडक नमद्यातून काच ओढायचीय ना?

आता एमडीएफ. दारात पाणी उतरणारच, काचेच्या फटीतून आत जाऊन तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच दाराची रचना आहे. पॅनलच्या मागं प्लॅस्टिकचा कागद असतो, त्याचं खालचं टोक दाराच्या आत खोचलेलं पाहिजे. मिस्त्री तोच कागद पहिल्यांदा फाडून फेकतो. मग पॅनलचा मूळ पुठ्ठा फुगतो, एमडीएफ तर लाप्शीच होतो. वर फोमनं पॅनल जाड केलं की हँडल दांड्यावर अर्धंच बसतं आणि महिन्याभरात नुसतं गरागरा फिरतं.

मिस्त्री नाहीत म्हणता? आमच्या जुन्या मोंढ्यामागं सत्तरीचे एक उस्ताद आहेत. झिजलेल्या दात्यावर पितळ चढवतात आणि कानशीनं नवा दाता काढतात. मी स्वतः दर रविवारी पाईप लावून गाडी धुतो, मग चारही दारांच्या भोकांत सायकलची तार फिरवतो. पत्र्याला आजवर हात लावावा लागला नाही.

जालन्याचा पद्मिनीवाला:
मूळ पोस्ट माझी. भाकरीबद्दल क्षमस्व.

काका, तुमचे उस्ताद तुम्हाला लखलाभ. माझी गाडी अशाच एका उस्तादाकडं पाच महिने बिनदाराची उभी होती. घ्यायला गेलो तर मागच्या सीटवर कोंबडी बसलेली, खाली तीन अंडी. दारं कुठायत विचारलं तर "आज जुम्मा है, कल देखेंगे". चॅनेलसाठी तीन दुकानं पालथी घातली, शेवटी एक जण म्हणाला बोलेरोचं घेऊन जा, कापून बसतं. आणि माझी आई पासष्टची आहे, खांदा धरलाय तिचा. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत तिनं ते हँडल फिरवायचं का तुमच्या नमद्याची वाट बघायची?

लातूरची लेक:
नमदा राहू द्या. "दर रविवारी पाईप लावून गाडी धुतो" हे कुणाच्याच नजरेला आलं नाही का?

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. मी तेव्हा बारावीत, रात्री दोनला टँकरपुढं घागरी घेऊन उभी राहायचे. आणि हे काका चार दारांच्या चार खिडक्यांसाठी दर आठवड्याला पाईप सोडायलेत!

गोदाकाठचा फियाटवाला:
ताई, माझ्या घरची बोअर आहे. माझ्या पैशानं पाडलेली. नगरपालिकेच्या नळाला मी हात लावत नाही.

लातूरची लेक:
बोअर तुमची, खालचं पाणी कुणाचं? तुमचं दार गंजू नये म्हणून शेजाऱ्याची विहीर आटायची?

संभाजीनगरचा त्रासलेला:
आमच्याकडं धरण भरलेलं असतानाही नळ आठवड्यानं येतो. जायकवाडी पैठणला, पन्नास किलोमीटरवर. गाडी धुवायची चैन आम्हाला माहीतच नाही, आमच्या गाडीवर तुळस उगवेल एवढी माती आहे. आणि धरण भरायचं म्हटलं की वरचे नाशिक-नगरवाले पाणी सोडताना कोर्टात जातात. यावर लिहा की कुणी! काचा काय घेऊन बसलात.

ॲम्बी अण्णा, नांदेड:
झालं, आला जायकवाडी. या मंडळात कार्ब्युरेटरवर धागा काढला तरी तिसऱ्या उत्तराला गोदावरी येते.

पाण्याबद्दल एक मात्र खरं. बोअरचं पाणी खारं. ते दारात साचून सुकलं की पांढरा थर धरतो, आणि त्याच थराखाली पत्रा सडतो. काका ज्यानं गंज टाळायलेत म्हणतात त्यानंच आणायलेत. मी धुळीला कोरडा मऊ झाडू आणि मग अर्ध्या बादलीत पिळलेलं फडकं वापरतो.

बाकी ॲम्बेसेडरला ही भानगडच नाही. पुढची तिकोनी काच वळवली की वारं थेट छातीवर येतं. मोठी काच खाली करायची गरजच काय?

गोदाकाठचा फियाटवाला:
अण्णा, तिकोनी काच फियाटलाही असते, चष्मा लावून बघा. आणि ॲम्बीचं दार बंद करायला पैलवान लागतो ते सांगितलं नाहीत.

लातूरच्या ताई, माझ्या आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली आहे. पाण्याची किंमत मला शिकवू नका.

लातूरची लेक:
आजोबांनी खडी फोडली, नातवानं पाईप सोडला. छान प्रगती.

ॲम्बी अण्णा, नांदेड:
ताई, जरा दमानं. माणूस वयानं मोठा आहे.

लातूरची लेक:
वयाचा आणि पाईपचा काय संबंध? बरं, गाडीवर बोलते, नाहीतर म्हणाल हिला काय कळतं. माझ्या वडिलांची डुक्कर फियाट होती, पुढची दारं उलटी उघडणारी, बिजागरी मागं. दोन्ही दारांचे पुठ्ठे मी स्वतः कापलेत. जुना पुठ्ठा वर ठेवून पेन्सिलनं आखायचं, भोकं आधी पाडायची, रेक्झिन नंतर ओढायचं. मागच्या कागदासाठी शेततळ्याचं अस्तर उरलं होतं ते लावलं. जाड झालं, क्लिपा बसेनात, परत काढून साधा पातळ कागद लावला. चूक माझी, कबूल. पण घरी बादलीच होती, पाईप नव्हता.

वायरमन, अंबड रोड:
जालनावाल्यांनी किट बसवलंच आहे तर तीन गोष्टी बघा. मोटारीला बॅटरीवरून वेगळा फ्यूज आणि रिले द्या, जुन्या स्विचच्या वायरीवर भार टाकू नका. दाराच्या बिजागरीपाशी वायरीला रबरी नळी घाला, नाहीतर उघडझाक करून आतली तार तुटते आणि मग मला रात्री फोन येतो. तिसरं म्हणजे, काकांचं बरोबर आहे, कडक चॅनेलमध्ये मोटार तापते. मी जळलेल्या दोन काढल्या आहेत.

गोदाकाठचा फियाटवाला:
चला, कुणीतरी म्हणालं.

आणि पद्मिनीवाल्यांनो, गाडी पन्नास वर्षांची होऊन उद्या व्हिंटेजमध्ये नोंदवायची असेल तर २०२१ च्या नियमात तुमचं किट आडवं येईल.

ॲम्बी अण्णा, नांदेड:
नाही येत. तो नियम चासी, बॉडी शेल आणि इंजिनातल्या बदलावर बोट ठेवतो. काचेची मोटार त्यात नाही. दारात भोकं पाडू नका म्हणजे झालं.

गोदाकाठचा फियाटवाला:
बरं. वकील तुम्हीच.

जालन्याचा पद्मिनीवाला:
दोन दिवस मुद्दाम गप्प होतो. ड्रायव्हरच्या बाजूचं पॅनल काढलं. काच अर्ध्यावर आणून लाकडी पाचर मारली, दार उघडायच्या हँडलमागं फडकं घालून मागंपुढं घासलं तर क्लिप उडून कोठीत गेली, अजून सापडली नाही. आतला एमडीएफ खालून चार बोटं फुगलेला. कागद? नव्हताच. काकांना आनंद झाला असेल.

चॅनेल बोलेरोचंच कापून बसवलं, आत नवा नमदा. रबराला ग्रीस लावणार होतो, वायरमन नको म्हणाले, फुगतं. सिलिकॉनचा फवारा मारला. काच आता सरसर जाते. पण मोटार काढणार नाही. आई बटण दाबून शेजारणीला दाखवायलीय.

गोदाकाठचा फियाटवाला:
बोलेरोचं चॅनेल फियाटला! असो. आईंना बटण राहू द्या, खांद्याचं दुखणं मला ठाऊक आहे. बाकीच्या तीन दारांना तरी हँडल ठेवा, आणि तळाची भोकं बघा.

लातूरची लेक:
तार फिरवून. पाईप लावून नाही.

गोदाकाठचा फियाटवाला:
या रविवारी बादली घेतली होती. दोन. समाधान?

लातूरची लेक:
एकीत होतं.

ॲम्बी अण्णा, नांदेड:
तिकोन्या काचेचं रबर आहे का कुणाकडं? डाव्या बाजूचं. माझं कालच तुटलं.