रस्ता पंधरा फूट उंच केला की पूर मिटला?

मळीकाठचा
काल एक पोस्ट वाचली: "सांगलीला येणारे सगळे रस्ते भराव टाकून पंधरा फूट उंच करा, पुरात संपर्क तुटायचा विषयच संपला." खाली लाईकचा ढीग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

कृष्णा फुगली की पात्रात मावत नाही, मळीतनं म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीतनं, रानातनं पसरून वाहते. त्या वाटेत भराव टाकला की तो रस्ता राहत नाही, बांध होतो. वरच्या अंगाला फुगवटा येतो. आमच्याकडं २०१९ नंतर रस्ता उंच झाला, खाली पाईपच्या मोऱ्या. २०२१ ला मी काठी घेऊन मोरीच्या तोंडाशी उभा होतो. जलपर्णी, उसाचा पाला आणि ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं, असा गच्च बोळा की काठी आत जाईना. नदी उतरली, माझ्या रानातलं पाणी नऊ दिवस हललं नाही. उसाच्या पोंग्यात, शेंड्याच्या कोंबात पाणी गेलं, ऊस कुजला. उंची पाहिजे तर रस्ता खांबांवर न्या, पाण्याला वाट ठेवा.

मिरजेची_माहेरवाशीण
दादा, ऊस पुढच्या वर्षी येतो. २०१९ ला माझ्या वहिनीला नववा महिना होता. रस्त्यावर छातीभर पाणी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून निघालो, अर्ध्यात इंजिन बंद पडलं. मी तिचा हात धरून बसलेले, ती ओठ चावून गप्प. शेवटी बोट आली. मला भराव चालेल, बांध चालेल, काहीही चालेल, रस्ता कोरडा पाहिजे.

पलूसचा_पाटील
मुळावर बोला की. खाली कर्नाटकात कृष्णेवर अलमट्टी धरण आहे, त्याचं पाणी मागं तुंबतं म्हणून आपण बुडतो. आता धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटर आहे, कर्नाटकाला ५२४.२५६ पाहिजे. मग कसले खांब आणि कसला भराव?

मळीकाठचा
पुराच्या अभ्यासाला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराला अलमट्टी जबाबदार नाही म्हटलंय.

पलूसचा_पाटील
समिती पुण्यात बसून लिहिणार, घरात चिखल आमच्या. आमच्या आजोबांनी असं पाणी बघितलं नव्हतं. धरण झाल्यावरच कसं आलं?

हरिपूरकर
कारण चार दिवस पाऊस तसा कोसळला. संगमावर येऊन बघा, वारणा भरून आली की कृष्णेचं पाणी तिथंच अडतं. त्याला अलमट्टी कशाला लागते?

पलूसचा_पाटील
तुम्ही कुणाच्या बाजूचे? कर्नाटकाची वकिली करायला आलात काय?

हरिपूरकर
तोंड सांभाळा. माझं घर दोनदा माळ्यापर्यंत बुडालंय. माझी बाजू त्या भिंतीवरच्या रेघेला विचारा.

निवृत्त_सुपरवायझर
अलमट्टी दोन मिनिटं बाजूला ठेवा. मी बांधकामावर तीस वर्षं काढली. पुलाची, रस्त्याची उंची आम्ही मागच्या सगळ्यात मोठ्या पुराच्या खुणेवर धरायचो. २००५ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५३ फुटांच्या वर पाणी गेलं, तेव्हा वाटलं याच्या पुढं जात नाही. २०१९ ला ५७ च्या वर गेलं. जुनी खूण खोटी ठरली, पण अंदाजपत्रकं अजून त्याच मापानं निघतात. आयर्विन १९२९ चा, कमानींतनं पाणी जाऊ देतो म्हणून उभा आहे. उंचीपेक्षा खालची मोकळी वाट आधी मोजा.

पाटणकर_सातारा
तुमच्याकडं निदान पाणी उतरल्यावर रस्ता सापडतो. २०२१ च्या जुलैत आंबेनळी घाटात रस्ताच दरीत गेला. रुंदी वाढवायला डोंगर उभा कापायचा, वरच्या पाण्याला गटार नाही, पाणी मुरलं की दरड सुटणारच. आमच्या वाडीतनं आजारी म्हातारीला डालग्यात घालून खाली आणलीय. घाटाबद्दल कोण लिहिणार?

मिरजेची_माहेरवाशीण
सुपरवायझर काका, खांबांवरचा रस्ता व्हायला किती वर्षं? तोवर बाळंतिणींनी काय करायचं?

निवृत्त_सुपरवायझर
वेळ जास्त लागतो, पैसा कितीतरी जास्त, खोटं बोलत नाही. सगळा रस्ता खांबांवर होणार नाही. जिथं पाणी आडवं वाहतं तेवढा तुकडा तरी खांबांवर, बाकी भराव. आणि पावसाळ्याआधी मोऱ्या साफ.

मळीकाठचा
ताई, ट्रॉलीतलं वाचून मला पुढं लिहवेना. दवाखान्याच्या वाटेला भराव घातला तर मी आडवा येणार नाही. पण मोरी पाईपची नको, माणूस वाकून आत जाईल एवढी तरी पाहिजे.

पलूसचा_पाटील
मोऱ्यांचं पटलं. अलमट्टीचं नाही.