आरआयएस पॅनेल लावूनही सिग्नल जेमतेम ४ डीबीने वाढतोय, मदत हवी आहे

एम.टेक.साठी ५.८ गिगाहर्ट्झचं १६×१६ एलिमेंटचं आरआयएस पॅनेल (रीकॉन्फिगरेबल इंटेलिजंट सरफेस, म्हणजे सिग्नल हव्या त्या दिशेला परावर्तित करणारा पृष्ठभाग) केलंय. एफआर-४ (साधा फायबरग्लास सर्किट) बोर्ड, प्रत्येक एलिमेंटला स्विच म्हणून एक पिन डायोड. त्याने परावर्तित लहरीची फेज ० किंवा १८० अंश होते. कॉरिडॉर काटकोनात वळतो, तिथे समोरच्या भिंतीला पॅनेल सपाट लावलंय. हॉर्न अँटेना सरळ समोर ३ मीटरवर, रिसीव्हर वळणाआड ६० अंशांवर.

अंतर निअर-फील्डमधलं (इतकं जवळचं की पॅनेलवर येणारी लहर सपाट धरता येत नाही), म्हणून प्रत्येक एलिमेंटची फेज त्याच्या अंतरावरून काढली. मग एकेक कॉलम उलटवून पॉवर बघितली. शेवटच्या रांगेतले दोन डायोड उलटे सोल्डर झाले होते, तेही बदलले. तरी सगळे डायोड बंद असतानाच्या तुलनेत वाढ एवढीच. एक-बिट (दोनच पर्यायांच्या) फेजचा सुमारे ३.९ डीबी तोटा हिशोबात धरलाय.

अ‍ॅनेकोइक चेंबर (भिंतींवरून परावर्तन न होणारी चाचणी-खोली) नाही, नवा बोर्ड करायला पैसे नाहीत. बोर्ड-डायोडमधला लॉस आणि भिंतींवरून येणारा सिग्नल कॉरिडॉरमध्येच वेगवेगळे कसे मोजायचे? त्याच मापाचा तांब्याचा पत्रा ३० अंशांत वळवून तुलना केली तर ती ग्राह्य धरता येईल का?