रिचबरोचा रोमन किल्ला समुद्रापासून इतका लांब कसा काय?

इंग्लंडमध्ये केंटला रिचबरोचा किल्ला बघून आलो आणि डोक्यातून जातच नाहीये. तट काही ठिकाणी अजून ७-८ मीटर उंच आहे, जवळ जाऊन हात लावला तर चुन्यात बसवलेल्या गारगोट्या आणि मधूनच लाल चपट्या विटांचे पट्टे. पण म्हणायचं किनाऱ्यावरचा किल्ला, आणि वरून बघावं तर शेतं, कुरणं आणि खाली ती स्टूर नदी! समुद्र कुठाय? पूर्वेचा तटही बहुतेक गायब आहे. कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद १
तुम्ही जिथे उभे होतात तिथे रोमन काळात वॉन्ट्सम खाडीचं तोंड होतं. बाजूचा थॅनेटचा भाग तेव्हा खरोखरचं बेट, त्यामुळे जहाजं इथून आत शिरून थेट थेम्सच्या मुखाकडे निघायची, बेटाला वळसा घालायची गरज नाही. नंतर गाळ साचत गेला, मग मध्ययुगात बांध घालून दलदल हटवून जमीन केली आणि खाडी बुजलीच. आता समुद्र ४ किमीवर. पूर्वेची बाजू पाण्याकडची, खालचा उतार खचला आणि तट कोसळला.

प्रतिसाद २
याच खाडीच्या उत्तर टोकाला रिकल्व्हरचा किल्ला आहे, तो बघितल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते. तिथे बरोबर उलटं झालंय, समुद्र आत आत येत गेला आणि किल्ल्याचा जवळपास अर्धा भाग खाऊन टाकला. आतलं जुनं चर्च १८०९ मध्ये पाडलं, पण दोन मनोरे खलाशांना खूण म्हणून लागायचे म्हणून ठेवले, ते आज अगदी काठावर उभे आहेत. मला तर ते बघून पोटात कालवलं.

प्रतिसाद ३
रिचबरोला मधोमध क्रॉसच्या आकाराचा पाया आहे, तो बघितलात का? इ.स. ४३ ला रोमन सम्राट क्लॉडियसचं सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं तेव्हाचे खंदक तिथेच आहेत, आणि साधारण ८५ च्या सुमारास त्या पायावर सुमारे २५ मीटर उंच कमान उभी केली, इटलीतल्या कॅरारा संगमरवराने मढवलेली. तिसऱ्या शतकात हल्ल्यांची भीती वाढली तशी आधी तिच्याभोवती तीन खंदक खणले, आणि मग तीच पाडून हा दगडी किल्ला बांधला. एवढी कमान पाडायची वेळ आली म्हणजे काय धास्ती असेल बघा.

प्रश्नकर्ता
पाया बघितला, पण त्यावर कमान होती हे लक्षातच आलं नव्हतं! आता परत जाणार, रिकल्व्हरपासून सुरुवात करून बुजलेल्या खाडीच्या कडेकडेने रिचबरोपर्यंत.