'हालेलूया'ला मराठी शब्द काय?

ओसरी
लेनर्ड कोहेनचं 1984 सालचं 'हालेलूया' हे माझ्या बाबांचं फार आवडतं गाणं. पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी ते आईला कळेल अशा मराठीत म्हणावं, असं बहिणीच्या मनात आहे. कडवी कशीबशी जुळली, ध्रुवपदाशी मात्र अडलेय. तिथे तो एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. मी 'जयजयकार' घातलं. काका म्हणाले, "मुळात श्राद्धाला ख्रिस्ती प्रार्थना कशाला?" कोणता शब्द ठेवू?

पेणकर
आधी काकांसाठी: कोहेन ज्यू होता, त्या आडनावाचा अर्थच पुरोहित. शब्द हिब्रू आहे. 'हल्लेलू' म्हणजे 'स्तुती करा', अनेकांना उद्देशून. 'याह' हे देवाच्या नावाचं लघुरूप. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, सणावारी 'हल्लेल' म्हणतो, म्हणजे स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं 113 ते 118. मराठी बायबलात 'हालेलूया'चं 'परमेशाचे स्तवन करा' असं केलंय. मराठी शब्द असताना परका कशाला?

काना_मात्रा
चार अक्षरांच्या जागी दहा? चालीत बसायचं नाही. आणि अर्थानेही नाही. या गाण्यातला, बायबलातला दावीद राजा न्हाणाऱ्या बाईला बघून ढासळलाय. लगेच केस कापले जातात, ते बायबलातल्याच शमशोनाचे, ज्याचं बळ केसांत होतं. दोघांची नीट गोष्ट न सांगता कोहेनने दोघांना मिळून एकच 'तू' केलाय, आणि तो 'तू' प्रेमात हरलेला कुणीही असू शकतो. त्या हरलेल्याच्या तोंडी 'स्तवन'?

भाषाप्रेमी७
'हल्लेल' आणि आपला 'आल्हाद' एकच असावेत. उच्चार बघा.

पेणकर
नाही हो. 'ह-ल-ल' हा स्वतंत्र सेमिटिक धातू आहे. 'आल्हाद' संस्कृत 'ह्लाद्'वरून. नुसत्या नादावर जाऊ नका.

वसईचा वारा
आमच्याकडे चर्चमध्ये 'आलेलुया' म्हणतात, ग्रीक-लॅटिनमधून येताना 'ह' गळाला. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मिस्सेत हा शब्द अजिबात येत नाही. राखेच्या बुधवारपासून थेट ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत. लहानपणी त्या रात्री तो पहिल्यांदा कानावर पडला की अंगावर काटा यायचा. ज्या वर्षी आई गेली, त्या वर्षी मला तो म्हणता आला नाही, गळा दाटून आला. भाषांतर केलंत तर हे सगळं जाईल. शब्द आहे तसाच ठेवा.

शाईपेन
वसईकरांचं पटतं, पण तो शब्द ओसरीच्या आईच्या आयुष्यात नाही ना. माझी आजी भजनात 'पांडुरंगा' म्हणायची. गुडघ्यावर हात ठेवून उठतानाही 'पांडुरंगा'. मामा गेल्याचा फोन आला तेव्हा खाली बसली आणि तेच म्हणाली. शब्द एक, आवाज तीन. कोहेनच्या गाण्यात दुसरं काय आहे?

काना_मात्रा
अगदी. आणि देवाशी भांडायची सोय आपल्या कवितेत कधीची आहे. जनाबाई त्याला 'विठ्या' म्हणते, 'मूळ मायेच्या कारट्या' म्हणते. तुकोबा तर 'माझे लेखीं देव मेला' म्हणून मोकळे झाले. हे आईला परकं वाटणार नाही.

पेणकर
पण 'पांडुरंगा' आलं की वीट आली, चंद्रभागा आली. दावीद पंढरपुरात काय करणार? कोहेन झेन मठात राहिला, पुढे मुंबईत रमेश बाळसेकरांकडे वेदान्त ऐकायला येऊन बसला, तरी ज्यूपण त्याने सोडलं नाही. त्याचा देव बदलायचा हक्क आपल्याला नाही.

ओसरी
दोन्ही बाजू पटताहेत, म्हणून तर अडलेय. आणखी एक. मूळ गाण्यात प्रत्येक कडव्याच्या ओळी त्याच शब्दाशी यमक जुळवत येतात. 'पांडुरंगा'शी काय जुळवू?

शाईपेन
मग 'हालेलूया'च ठेवा! मराठीत त्याच्याशी यमकांना तोटा नाही: येऊया, गाऊया, राहूया, पाहूया. लहानपणी मला ते मराठी क्रियापदच वाटायचं. कुणीतरी सगळ्यांना 'चला' म्हणतंय, असं.

काना_मात्रा
सुरेख! फक्त 'गाऊ या' असं तोडून लिहा. तो 'या' म्हणजे 'येणे'चं आज्ञार्थी रूप. जोडून लिहिणं चूक.

भाषाप्रेमी७
बोलताना कोण तोडतं? सगळे जोडूनच लिहितात. वापर महत्त्वाचा.

काना_मात्रा
सगळे लिहितात म्हणून बरोबर होत नाही. 'आपण जाऊ, तुम्हीही या' अशी ती रचना आहे. जोडलंत की त्यातलं बोलावणं बुजतं.

पेणकर
गंमत म्हणजे हिब्रूतही 'हल्लेलू' आणि 'याह' हे दोन शब्दच आहेत, स्तोत्रांत ते बरेचदा आडव्या रेघेने जोडलेले दिसतात. फक्त तिथला 'या' देव आहे.

भाषाप्रेमी७
मग 'करूयात'चं काय? तो 'त' कुठून आला?

काना_मात्रा
'करूयात' तर मुळीच नको. त्यावर वेगळा धागा काढा.

ओसरी
काल रात्री आईला पहिलं कडवं म्हणून दाखवलं. शब्द 'हालेलूया'च ठेवला होता. तिने अर्थ विचारला नाही. म्हणाली, "हे गाणं लागलं की ते गाडीत काच वर करायचे." दुसऱ्या कडव्याचं यमक अजून जमलेलं नाही. 'साहूया' चालेल का?