मदत हवी आहे : परक्या माणसाचा बळी जातो अशा कथा सुचवा

नमस्कार मंडळी. साक्री तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात कॉलेजच्या मुलामुलींसाठी कथावाचन सुरू करतोय. विषय आहे परका आणि गरीब, म्हणून आधीच गुन्हेगार ठरलेला माणूस.

१ जुलै २०१८ रोजी याच तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. कोणी अनोळखी माणूस चारचाकीतून उतरला असता तर त्याला आधी पाणी विचारलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. अंगावरचे कपडेच पुरावा ठरतात. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय अजून गावोगाव आहे.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ घेणारच आहे. त्यात रेल्वेतली नोकरी मिळालेल्या माणसाची जात कळताच कालचे सोबती त्याच्यावर तुटून पडतात. ‘उपरा’, ‘उचल्या’ मुलांनी वाचलंय, पण ती आत्मकथनं. मला कथाच हवी आहे, कारण कथेत मारणाऱ्यांच्या मनातही शिरता येतं. नुसती कीव आणणारी नको.

तासाभरात वाचून होईल अशी मराठी, अहिराणी किंवा अनुवादित कथा कुणाला आठवते का? जमावातल्या एखाद्याच्या तोंडून सांगितलेली असेल तर फारच उत्तम. संग्रहाचं नावही कळवा, धुळ्यात शोधतो.