लक्षणं नसताना गरोदरपणात लघवीचं कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं): प्रत्येकीचं करावं का?

नर्सबाय, वाळपई
पहिल्या भेटीत लघवीत अल्ब्युमिन आणि साखर बघायची, कार्डावर 'नॉर्मल' लिहायचं, की पुष्कळदा विषय संपतो. जळजळ नाही, ताप नाही, आणि वारंवार लघवीला तर पोटुशीला जावंच लागतं. पण १०० गरोदर बायकांमागे साधारण २ ते ७ जणींच्या लघवीत एकाच जातीचे जंतू मिलिलिटरला १ लाख किंवा जास्त निघतात, बहुतेकदा ई. कोलाय. प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, गर्भाशय त्या दाबतं (उजवी जास्त), लघवी तुंबते आणि जंतू वर मूत्रपिंडात चढतात. मग हुडहुडी, कमरेत कळ, इस्पितळात शिरेतून औषधं, कधी अवेळी कळाही. म्हणून १२ ते १६ आठवड्यांत, नाव उशिरा नोंदवलं तर त्याच दिवशी, प्रत्येकीचं एकदा कल्चर व्हावं. गरोदरपणात असे जंतू शोधायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये कल्चरच सुचवलं. कल्चरची सोय नसेल तर लघवीत बुडवायच्या पट्टीपेक्षा ग्राम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) बरा, असंही.

मांडवीपार
विरोध. 'उपचार न केल्यास २० ते ३५ टक्के जणींना मूत्रपिंडाचा संसर्ग' असं नेहमी सांगतात, तो आकडा बराचसा १९६०च्या दशकातला. नेदरलँड्सच्या २०१५च्या अभ्यासात उपचार न झालेल्यांत तो २.४ टक्के होता, जंतू नसलेल्यांत ०.६. हिशेब मांडा: १,००० बायका, त्यांतल्या समजा ५० पॉझिटिव्ह. जुन्या आकड्यानं १० ते १७ जणी आजारी पडतील, नव्यानं एखादी. त्या एकीसाठी ५० जणींना अँटिबायोटिक? मधुमेह, मुतखडा, मूत्रपिंडाचा जुना आजार, आधी असा संसर्ग झालेला, एवढ्यांचंच कल्चर करा.

लॅबवाला, म्हापसा
तुमचं दोघांचं भांडण सॅम्पल धड असेल तरच कामाचं. रिपोर्टात 'तीन प्रकारचे जंतू' आले की तो संसर्ग नसतो, डबी बिघडलेली असते. घेण्याची रीत: आधी हात धुवा. जागा साध्या पाण्यानं पुढून मागे धुवा, डेटॉल नको, त्यानं जंतू मरून कल्चर खोटं निगेटिव्ह येतं. योनीचे ओठ बाजूला धरून पहिली धार सोडून द्या, मधली निर्जंतुक डबीत घ्या, झाकणाच्या आत बोट लावू नका. जॅमची धुतलेली बाटली चालत नाही (येते, अजूनही येते).

खरी गोम पुढे आहे. बाहेर ठेवलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात आणि आपल्याकडच्या दमट उकाड्यात तर जोरात. दोन तासांत लॅबमध्ये कल्चरच्या प्लेटवर गेली पाहिजे, नाहीतर ४ अंशांवर फ्रिजमध्ये, २४ तासांपर्यंत. काणकोणच्या आतल्या गावातली डबी बसच्या वेळेप्रमाणे निघणार असेल तर बर्फाची पेटी किंवा बोरिक ॲसिडची डबी द्या. ती डबी मात्र खुणेपर्यंत भरायची. लघवी कमी पडली तर बोरिक ॲसिड तीव्र होऊन जंतूंनाच मारतं.

नर्सबाय, वाळपई
@मांडवीपार, त्या डच अभ्यासात एकच गर्भ असलेल्या, कमी जोखमीच्या बायका होत्या, मधुमेही वगळलेल्या. शिवाय ताप आल्या दिवशी डॉक्टर गाठणं सत्तरी तालुक्यातल्या आतल्या वाड्यावरून जमेलच असं नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलानं २०१९ मध्येही तपासणीची शिफारस कायम ठेवली.

मांडवीपार
ठेवली, पण 'अ' दर्जावरून 'ब'वर आणून. कॅनडानं २०१८ मध्ये शिफारस केली तीही 'दुर्बल' म्हणून. आणि माझी खरी भीती कल्चरची नाहीच. 'पस सेल्स (पांढऱ्या पेशी) ८-१०' एवढं वाचून गोळ्या लिहिल्या जातात, त्याची आहे. गरोदरपणात अंगावरचं पांढरं लघवीत मिसळलं तरी पस सेल्स दिसतात.

लॅबवाला, म्हापसा
हे बरोबर. एपिथेलियल सेल्स (कातडीच्या पेशी) भरपूर दिसल्या तर दुसरं सॅम्पल मागवा. पट्टीवरही विसंबू नका: नायट्राइट (काही जंतू लघवीतल्या नायट्रेटपासून बनवतात ते) पॉझिटिव्ह आलं तर संशय पक्का, निगेटिव्ह आलं तर सुटका नाही. लघवी मूत्राशयात चारेक तास राहिली नसेल तर नायट्राइट तयार होत नाही, आणि एन्टेरोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस ते बनवतच नाहीत.

औषधवाला, फोंडा
पॉझिटिव्ह आल्यावर काय, ते कोणी लिहिलंच नाही. सेन्सिटिव्हिटी (जंतू कोणत्या औषधानं मरतात ते) बघूनच औषध. नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवणानंतर, ५ ते ७ दिवस. शेवटच्या आठवड्यांत आणि जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर नको. ते मूत्रपिंडाच्या ऊतीत पुरेसं पोचत नाही, म्हणून ताप असेल तर ते औषधच नव्हे. फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमची एकच पुडी, पाण्यात विरघळवून, रात्री लघवी करून झाल्यावर, रिकाम्या पोटी. सेफॅलेक्सिनही चालतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन नाही. कोट्रायमोक्साझोल पहिल्या तिमाहीत आणि शेवटी टाळतात. हे सगळं चिठ्ठीवरच. काउंटरवर सांगून घ्यायचं औषध नाही. आणि दोन दिवसांत थांबवू नका, 'त्रास तर नव्हताच' म्हणून बहुतेक जणी थांबवतात.

पेडण्याची सून
धने-जिऱ्याचं पाणी, शहाळं यांनी भागत नाही?

औषधवाला, फोंडा
तहान भागते, बाय. जंतू मरत नाहीत. साखर वाढलेली असेल तर शहाळीही मोजून.

मांडवीपार
बरं, कल्चर करायचंच ठरलं तर कोर्स संपल्यावर आठवडाभरानं पुन्हा एकदा करा. ते होत नसेल तर पहिलं करून अर्धाच फायदा.

नर्सबाय, वाळपई
मान्य. एक राहिलं: रिपोर्टात गट ब स्ट्रेप्टोकोकस (बाळंतपणात बाळाला लागू शकणारा जंतू) असेल तर आकडा १ लाखाच्या खाली असला तरी कार्डाच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहा. कळा सुरू झाल्यावर बाळासाठी आईला शिरेतून पेनिसिलिन द्यावं लागतं, आणि बाळंतपण बांबोळीच्या इस्पितळात होईल की मडगावच्या, हे कार्ड भरताना कोणालाच माहीत नसतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तीही शेजारीच लिहा.